मंत्रिमहोदय, डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धच्या कायद्याचा दुसरा अर्धा भाग कुठे आहे?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी बारा खाटांचे हॉस्पिटल चालवतो. एमडी मेडिसिन. इंडियन मेडिकल असोसिएशनचा, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘आयएमए’चा, चोवीस वर्षांपासूनचा सभासद. वर्गणी वेळेवर भरतो, बंद पुकारला की ओपीडी बंद ठेवतो, दंडाला काळी फीतही बांधतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून मला कोणी घरभेदी म्हणू नये. म्हणतीलच म्हणा.

आमच्या शाखेची वार्षिक सभा दरवर्षी होते. जेवणाआधी सचिव अहवाल वाचतात. त्यात संघटनेने डॉक्टरांसाठी वर्षभरात काय मिळवले याचा एक भाग असतो आणि त्यातली क्रियापदे ठरलेली असतात: निवेदन दिले, भेट घेतली, निषेध नोंदवला, स्थगिती मिळवली. टाळ्या पडतात त्या ‘स्थगिती मिळवली’ला. यंदा ऐकताना लक्षात आले की आमच्या बहुतेक विजयांमध्ये काही घडलेले नसते. काहीतरी घडायचे थांबलेले असते.

सीसीएमपीचेच घ्या. होमिओपॅथी डॉक्टरांनी सीसीएमपी हा औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केला की त्यांना ॲलोपॅथीची औषधे लिहिता यावीत, यासाठी 2014 मध्ये कायदा बदलला. आम्ही हायकोर्टात गेलो. 2025 च्या जुलैत या डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी सुरू होणार होती, आम्ही संपाचा इशारा दिला, सरकारने स्थगिती दिली, आम्ही पेढे वाटले. सप्टेंबरात नोंदणीचा आदेश पुन्हा निघाला आणि 18 सप्टेंबरला आम्ही चोवीस तास बंद ठेवला. हा विषय आपल्या खात्याचा नाही, वैद्यकीय शिक्षण खात्याचा आहे, हे मला ठाऊक आहे. मी तो वाढवत नाही. मला बोलायचे आहे ते अहवालातल्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, जो दरवर्षी त्याच शब्दांत येतो: ‘डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धच्या कायद्याच्या कडक अंमलबजावणीसाठी पाठपुरावा सुरू आहे.’

हा राज्याचा कायदा 2010 चा. डॉक्टरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागितलेला. डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल कर्मचारी, कोणावरही हात उचलला किंवा हॉस्पिटलची मोडतोड केली तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, वर मोडलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. कागदावर याहून जास्त काय हवे? तरीही मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले, सरकारी रुग्णालयांत सुरक्षारक्षक आले. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, देशभर चोवीस तास बंद झाला, सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. दरम्यान अशाच केंद्रीय कायद्याचा 2019 चा मसुदा बासनात गेला तो गेलाच.

आता माझ्या दारात काय घडले ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, कांदा काढणीचे दिवस. रात्री साडेदहाला एका गृहस्थांना छातीत कळ येते म्हणून आणले. वय अठ्ठावन्न. ईसीजीत हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक स्वच्छ दिसत होता. अँजिओप्लास्टी करायची तर सत्तर किलोमीटरवर. 108 ला फोन केला, गाडी दुसऱ्या केसवर गेलेली. गाठ विरघळवणारे इंजेक्शन सुरू केले. वीस मिनिटांनी हृदय बंद पडले. चाळीस मिनिटे छाती दाबली, शॉक दिले. नाही जमले.

बाहेर तोवर पन्नासेक माणसे जमली होती. ‘इंजेक्शन देताच गेले’ हे वाक्य गेटपासून रस्त्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? रिसेप्शनची काच फुटली, मॉनिटर फुटला, आमच्या सिस्टरच्या हाताला सात टाके पडले. पहाटे दोनला पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांना 2010 चा कायदा मीच मोबाईलवर काढून दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, ‘असं कलम आमच्याकडे कधी लावलं नाही’ म्हणाले आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. वर आपुलकीने सल्ला दिला, ‘डॉक्टरसाहेब, मिटवून टाका. उद्या यांच्याच घरचा पेशंट तुमच्याच दारात येणार आहे.’ मी मिटवले. दुप्पट भरपाई राहू द्या, त्या मॉनिटरचा हप्ता मी अजून बँकेत भरतो.

आमच्या वार्षिक अहवालात ही घटना ‘निषेध नोंदवला’ या सदरात आली.

अहवालात जे आले नाही ते असे. तेरावे झाल्यावर त्यांचा मुलगा आला. एकटाच. बाकावर शेवटच्या पेशंटपर्यंत बसून राहिला आणि आत आल्यावर एकच प्रश्न विचारला, ‘साहेब, ते इंजेक्शन दिलं नसतं तर तात्या वाचले असते का?’ मी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली, कोणती रेघ कुठे असायला हवी होती आणि कुठे गेली होती ते पेनाने दाखवले. अर्धा तास गेला. मग तो म्हणाला, ‘हे त्या रात्री सांगितलं असतं तर?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिला ईसीजी आणि हृदय बंद पडणे यांच्या मधल्या वेळेत मी एकदाही बाहेर आलो नव्हतो. संमतीपत्रावर सिस्टरने त्याची सही घेतली होती. फॉर्म इंग्रजीत होता.

याने काच फोडणे माफ होत नाही. सिस्टरचे टाके तर नाहीच नाही. पण त्या दिवशी मी तो कायदा पुन्हा, पहिल्यांदाच नीट, शेवटपर्यंत वाचला. साहेब, त्याच कायद्यात, आमच्या संरक्षणाच्या कलमांच्या मागोमाग, रुग्णांसाठीही एक तरतूद आहे. प्रत्येक जिल्ह्यात सरकारने एक प्राधिकरण नेमायचे. त्यात वैद्यक, कायदा, ग्राहक चळवळ आणि आरोग्य व्यवस्थापन यांतली जाणती माणसे असतील. हलगर्जीपणाची तक्रार असलेल्यांचे म्हणणे त्यांनी ऐकायचे आणि योग्य ठिकाणी दाद मागायला मदत करायची. शिक्षा करायचा अधिकार नाही. ऐकणे आणि वाट दाखवणे, एवढेच.

आमच्या जिल्ह्यात ते कुठे बसते, मी विचारले. ज्यांना विचारले त्यांनी ‘ग्राहक मंच म्हणायचंय का?’ असे उलट मलाच विचारले. आणि आमच्या शाखेच्या इतक्या वर्षांच्या अहवालांत या तरतुदीसाठी पाठपुरावा केल्याची एकही ओळ मला आठवत नाही. आम्ही कायद्याचा आमच्या बाजूचा अर्धा भाग मागत राहिलो. रुग्णांच्या बाजूच्या अर्ध्या भागाची आठवण सरकारलाही कोणी दिली नाही.

हा विषय मी सभेत काढला तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, ‘आधीच काय कमी आहेत? आणखी एक इन्स्पेक्टर कशाला ओढवून घेतोस?’ त्यांचा राग मला समजतो. नर्सिंग होमची नोंदणी दर तीन वर्षांनी, फायरची एनओसी, बायोमेडिकल वेस्ट, सोनोग्राफी मशीन असेल तर पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याची कागदपत्रे; यातच महिन्याचे चार दिवस जातात. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने, आमच्याच संघटनेच्या खटल्यात, डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणले. नव्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास डॉक्टरला दोन वर्षांपर्यंतची कैद आहे.

पण रुग्णाच्या मुलाच्या जागी उभे राहून बघा. ग्राहक आयोगात वर्षे जातात. मेडिकल कौन्सिल मुंबईत. पोलिसांत गेले तर, 2005 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार, आधी तज्ज्ञांचे मत हवे. ते बरोबरच आहे, पण रात्री अकरा वाजता वडील गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? सगळ्यात जवळ काय आहे? माझ्या रिसेप्शनची काच.

2021 मध्ये आपल्या खात्याने नर्सिंग होमचे नियम सुधारले. दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, तक्रारीसाठी टोल फ्री नंबर. चांगले नियम आहेत. माझ्या हॉस्पिटलात सनदेचा बोर्ड आहे, तपासणीला आलेले साहेब तो लावलाय ना एवढे बघून टिक करतात. त्यावरचा नंबर मी एकदा स्वतः लावून पाहिला. बराच वेळ वाजला, मग आपोआप कट झाला.

तेव्हा माझे निवेदन, संघटनेच्या वतीने नव्हे, माझ्या एकट्याच्या वतीने, असे आहे. 2010 च्या कायद्यातले जिल्हा प्राधिकरण प्रत्यक्ष नेमा. त्याची जागा, वार आणि उचलला जाणारा फोन नंबर प्रत्येक हॉस्पिटलच्या सनदेखाली लिहायला लावा. गृहखात्याशी बोलून या कायद्याची एक पानी मराठी टिपणी प्रत्येक ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या काचेखाली ठेवा. पैसे यात फारसे लागत नाहीत. लागते ती एक फाईल तीन खात्यांतून हलवणे, आणि ते किती अवघड असते हे आम्हाला स्थगित्या मिळवताना कळले आहे.

प्राधिकरण बसले आणि पहिली तक्रार माझ्याचविरुद्ध आली तरी माझी हरकत नाही. ईसीजीचा कागद थर्मल असतो, काही महिन्यांत रेघा फिक्या पडतात, म्हणून त्या रात्रीच्या पट्टीची झेरॉक्स मी काढून ठेवली आहे. टेबलाच्या वरच्या खणात आहे. संमतीपत्र आता मराठीत छापून घेतले आहे, तेही सोबत आणीन.

आपला,
एक तालुक्याचा डॉक्टर