कॅमेरे वाढवण्याआधी असलेल्यांच्या टप्प्याची पडताळणी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोरी किंवा अपघात झाला की ठाण्यात आणखी सीसीटीव्ही बसवण्याची मागणी होते. ती रास्त आहे. परंतु त्याआधी, बसवलेल्यांपैकी कोणत्या कॅमेऱ्यांच्या टप्प्यात, म्हणजे त्यांना दिसणाऱ्या भागात, एकच जागा येते आणि कोणता कोपरा एकाच कॅमेऱ्याच्या भरवशावर आहे, हे ठाऊक असायला हवे. बसवतेवेळी काढलेल्या नकाशावर यासाठी विसंबता येत नाही. घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४चे खांब उभे राहिल्यावर तिथला देखावाच पालटला, आणि झाडाची वाढलेली फांदी किंवा नवा फलकही दृश्य अडवायला पुरेसा असतो.

शंभर कॅमेऱ्यांच्या ४,९५० जोड्या होतात, हजारांच्या ४,९९,५००. एवढ्या जोड्या माणसाने पडद्यासमोर बसून ताडणे अशक्य आहे. संगणकाने नुसती चित्रे जुळवावीत, तर एका कॅमेऱ्याला रिक्षाची पुढची बाजू दिसते आणि समोरच्याला मागची. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६च्या सुमारास यावर उलटा मार्ग मांडला. आरंभी सगळेच कॅमेरे एकमेकांची जागा पाहतात असे धरायचे. मग एकाच क्षणी एका चित्राच्या एखाद्या भागात हालचाल असेल आणि दुसऱ्याच्या एखाद्या भागात काहीच नसेल, तर ते दोन भाग एकाच जागेचे नाहीत म्हणून त्या भागांची जोडी बाद करायची. असे करता करता ज्या जोड्या टिकतात, त्यांचाच टप्पा सामाईक असण्याची शक्यता उरते. यात कोणाचा चेहरा ओळखावा लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

स्टेशनसमोर संध्याकाळी सगळीकडेच वर्दळ असल्याने फारसे काही बाद होत नाही, आणि अगदी सामसूम असली तरीही होत नाही. तुरळक येजा असलेली वेळच उपयोगी पडते. पावसाच्या धारा आणि गाड्यांचे दिवे खोटी हालचाल दाखवतात, म्हणून एकाच निरीक्षणावर निकाल देऊ नये.

सर्वांत कळीची बाब मात्र घड्याळाची आहे. आमच्या गल्लीतून स्कूटर चोरीला गेली तेव्हा सोसायटीचे आणि समोरच्या दुकानाचे फुटेज आम्ही शेजारी शेजारी लावले. वळणावर क्षणभर थांबलेली तीच रिक्षा एका पडद्यावर ०१:४२ला आणि दुसऱ्यावर ०१:४९ला दिसत होती. घड्याळे जुळलेली नसतील तर वरची सारी पद्धतच निष्फळ ठरते, आणि तपासातही गोंधळ होतो.

म्हणून ठाणे महापालिका आणि पोलिसांना विनंती आहे, की सर्व कॅमेऱ्यांची वेळ एकाच स्रोताशी जोडावी, पुढील निविदांत सामाईक टप्प्याच्या पडताळणीची अट घालावी आणि रस्त्याचे मोठे काम संपल्यावर त्या भागाची पडताळणी पुन्हा करावी. सोसायट्यांनीही आपल्या रेकॉर्डरची वेळ दरमहा तपासून घ्यावी.

आपला,
एक नागरिक, नौपाडा, ठाणे (प.)