घरी बीपी मोजताना

लष्कर, ग्वाल्हेर

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

ऑफिसच्या तपासणीत तुझं बीपी १४८/९४ आलं आणि तू फोनवर म्हणालास, मशीनच बिघडलेलं असेल. असेलही. पण चहा पिऊन, जिना चढून, रांगेत गप्पा मारत मोजलेल्या एका आकड्यावरून घाबरूही नये आणि विषय सोडूनही देऊ नये. सात दिवस घरी नीट मोज. त्यातून जे निघेल ते तुझं बीपी.

मशीन दंडाचंच घे, मनगटाचं नको. घेण्याआधी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोज. सोबत येणारा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा, बहुधा २२ ते ३२ सें.मी.साठी असतो. तुझा दंड ३४-३५ भरला तर मोठा कफ मागून घे, पैसे जास्त पडले तरी चालतील. लहान कफला धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि आकडा खोटाच वर जातो. घरोघरी हीच चूक सर्वांत जास्त होते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन ये. मूत्राशय भरलेलं असलं की बीपी चढतं. मग पाठ टेकून खुर्चीत बस, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. पाच मिनिटं नुसता बस, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. कफ उघड्या दंडावर बांध, खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. बाही सरकवून वर गोळा केलीस तर तीच दंडाला आवळून बसते. हात टेबलावर सैल ठेव आणि खाली उशी देऊन कफ छातीच्या मध्याच्या उंचीला आण. ही उंची हलक्यात घेऊ नकोस: कफ हृदयापेक्षा १० सें.मी. खाली राहिला तर तेवढ्या रक्ताच्या वजनाने आकडा सात-आठने वाढतो. हात मांडीवर ठेवून मोजणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

मशीन चालू असताना बोलू नकोस, नेहाने काही विचारलं तरी. ते कफमधली नाडीची थरथर टिपत असतं, त्यामुळे हात हलला तरी घोळ होतो. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोज आणि ज्यात जास्त येईल तोच हात पुढे ठेव. दोन हातांत पुन्हा पुन्हा १० पेक्षा जास्त फरक आला तर डॉक्टरांना सांग.

सकाळी नाश्त्याआधी दोनदा आणि रात्री जेवणाआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. सगळे आकडे लिही, न आवडलेलेही. पहिल्या दिवसाचे चार बाजूला काढ, उरलेल्या २४ ची सरासरी काढ. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, वरचा किंवा खालचा एकच आकडा असला तरी, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात १४० आणि ९० ही रेघ धरतात. घरी माणूस निवांत असतो म्हणून घरची रेघ खाली. बाबांची गोळी मात्र आपल्या मनाने सुरू करू नकोस.

पाठ दुखते म्हणून तू डायक्लोफिनॅक घेतोस, ते डॉक्टरांना आवर्जून सांग. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. सर्दीच्या गोळीतलं फिनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं.

आता मिठाचं. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. तुम्हा दोघांना महिन्याला ३०० ग्रॅम, आणि त्यात बाहेरचंही आलं. मिठाच्या पाकिटावर फोडल्याची तारीख लिहून ठेव. किलोचं पाकीट दीड महिन्यात संपलं तर कळेलच. पण तुमच्या इंदूरमध्ये खरं मीठ भाजीतून कमी आणि शेवेतून जास्त जातं. पोह्यांवर शेव, भाजीत शेव, चहाबरोबर शेव, वर जिरावन मसाला, आणि त्या जिरावनात काळं मीठ. पोहे सोडू नकोस; शेव चिमूटभर घे, जिरावनाऐवजी लिंबू, कांदा, कोथिंबीर घाल. शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मि.ग्रॅ. सोडियम लिहिलं असेल तर अडीचने गुण, म्हणजे २ ग्रॅम मीठ. सैंधव बीपीला चालतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, तेही सोडियमच.

रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चाल. आठवड्यातले पाच दिवस पुरे.

एक गोष्ट नेहालाही वाचून दाखव. १८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं. तेवढंच राहिलं आणि त्रास काही नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

पुढच्या रविवारी पानाचा फोटो पाठव. मोजल्याची वेळ आणि हात डावा की उजवा, तेही लिही.

तुझी,
आई