सही केली, ते सांगायचं राहिलं

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
२० ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे इकडे खुशाल. रोज फोनवर तोंड दिसतंय की, पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर अण्णा ‘हं, बरंय, ठेव आता, बिल वाढेल’ म्हणतात. बिल येत नाही हे सांगून मी थकलो. शिवाय तिकडून निम्मी आळी ऐकत असते. ऑफिसातला एक मित्र दिवाळीला साताऱ्याला निघालाय. त्याच्याबरोबर हे पत्र, अण्णांच्या गुडघ्याचे पट्टे आणि दोन किलो बदाम देतोय. पत्र आधी अण्णांनी एकट्याने वाचावं, मग आईला वाचून दाखवावं.

आधी तुमच्या काळज्या. माझं वजन कमी झालेलं नाही, उलट पँटी उसवून घ्याव्या लागल्या. नोकरी आहे. आमच्या मजल्यावरची काही माणसं कमी केली हे खरं, पण माझं काम चालू आहे. नातू मराठी बोलतो, फक्त फोनसमोर लाजतो. कोजागिरी बुधवारी होती ती मंडळाने शनिवारी उरकली, चंद्राने आमच्यासाठी सुट्टी घेतली नाही. आणि अण्णा, तो व्हिडिओ तुम्ही मला चार वेळा पाठवलात: टोपीवाली पोरं दुकानातून पिशव्या भरभरून नेतायत आणि खाली लिहिलंय की कॅलिफोर्नियात साडेनऊशे डॉलरपर्यंतची चोरी माफ. माफ नाही हो. ९५० डॉलरच्या आतली उचलेगिरी किरकोळ गुन्हा धरायची, असं २०१४ साली ठरलं. आमच्या इथे टूथपेस्ट आणि दाढीची पाती काचेच्या कपाटात कुलपात ठेवतात, बेल वाजवली की पोरगा किल्ली घेऊन येतो, एवढंच. रात्री दूध आणायला मी एकटा जातो.

पण ते ठरवलं कोणी, हे ऐकण्यासारखं आहे. आमदारांनी नाही, लोकांनीच मतपत्रिकेवर ठरवलं.

इथे मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं संपली की खाली कायदे असतात. एकेका कायद्यापुढे हो आणि नाही. यंदा राज्याचे दहा आहेत. त्यातले पाच विधिमंडळाने लोकांपुढे ठेवलेत आणि पाच लोकांनी सह्या गोळा करून आणलेत. याला सगळे ‘प्रॉप’ म्हणतात, पुढे आकडा. प्रॉप ३२, प्रॉप ३३, असं. रीत अशी: एखादा मतदार उठतो, कायद्याचा मसुदा लिहितो आणि दोन हजार डॉलर भरून राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाकडे देतो. तिथे त्या मसुद्याला नाव देतात, शंभर शब्दांत सारांश करतात. मग १८० दिवसांत सह्या आणायच्या. मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्याच्या पाच टक्के, म्हणजे यंदा ५,४६,६५१. राज्याची घटना बदलायची असेल तर आठ टक्के, ८,७४,६४१. हो, इथे राज्याला स्वतःची वेगळी घटना असते. आपल्याकडे घटना म्हटलं की हात जोडले जातात. इथे ती बदलायचा कागद किराणा दुकानाच्या दारात टेबलावर पडलेला असतो, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पाण्याची बाटली ठेवलेली.

आई, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुमचं आडव्या बाटलीचं मतदान झालं तेव्हा मी सुट्टीवर आलो होतो. दारूचं दुकान बंद करा म्हणून तू आणि काकू चप्पल झिजेपर्यंत सह्या घेत फिरलात. मतदानाला आलेल्या बायकांनी आडव्या बाटलीवर धडाधड शिक्के मारले आणि तरी नऊ मतांनी गेलं. कारण निम्म्याहून जास्त हवे होते ते यादीतल्या एकूण बायकांपैकी. मुंबईला गेलेल्या सुना, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या लेकी, नाव न काढलेल्या मेलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या गेल्या. इथे तसं नाही. जे मत देतील त्यांच्यातले निम्म्याहून जास्त हो म्हणाले की झाला कायदा. या हिशेबाने तू कधीच जिंकली होतीस.

पण तुझ्यासारखं उन्हात फिरणं इथे थोड्यांच्याच वाट्याला येतं. सह्या गोळा करायला माणसं भाड्याने मिळतात, सहीमागे मजुरी. एकाच माणसाच्या हातात चार वेगवेगळ्या कायद्यांचे कागद असतात आणि त्याला स्वतःला त्यातलं काय वाटतं ते विचारू नये. मी इतकी वर्षं सामानाची गाडी ढकलत ‘मी मतदार नाही’ म्हणायचो आणि सुटायचो. सही फक्त मतदारालाच करता येते, मग ते लगेच दुसऱ्याकडे वळतात. यंदा मार्चमध्ये थांबलो, वाचलं आणि प्रॉप ३६ च्या कागदावर सही केली. चोरीची शिक्षा पुन्हा वाढवायचा कायदा तो. लोकांनी केलेला कायदा आमदारांना मनाला येईल तसा मोडता येत नाही, पुन्हा लोकांकडेच यावं लागतं, म्हणून २०१४ चं दुखणं २०२४ च्या मतपत्रिकेवर.

हे सुरू कसं झालं तर १९११ साली. तेव्हा इथलं विधिमंडळ एका रेल्वे कंपनीच्या खिशात होतं. हायरम जॉन्सन नावाचा गव्हर्नर त्यांच्याविरुद्ध बोलून निवडून आला आणि म्हणाला, आमदार ऐकत नसतील तर कायदा लोकांनीच करावा. त्याच वर्षी, त्याच मतदानात इथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला. मात्र पैसेवाल्यांनी हे हत्यारही हातात घेतलं. २०२० मध्ये ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्यांना नोकर धरायचं नाही, असा कायदा त्या कंपन्यांनीच सह्या आणून मतपत्रिकेवर चढवला, वीस कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि जिंकला. अण्णा, तुम्ही पंचायतीत होतात, तुम्हाला हे नवीन नाही. फक्त इथे मटणाच्या पंगती नसतात, टीव्हीवर जाहिराती असतात.

यंदाची गंमत सांगतो. एक आरोग्यसंस्था आहे, तिने घरभाड्यावर लगाम घालायची मुभा गावांना मिळावी म्हणून प्रॉप ३३ आणलाय. २०१८ मध्ये हरली, २०२० मध्ये हरली, आता तिसऱ्यांदा. त्यावर घरमालकांच्या संघटनेने प्रॉप ३४ आणला. वाचताना वाटतं की औषधांच्या सवलतीतून आलेला पैसा दवाखान्यांनी रुग्णांवरच खर्च करावा, अशी काहीतरी सात्त्विक मागणी आहे. पण अटी अशा घातल्यात की त्या जवळपास त्या एकाच संस्थेला लागू पडाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी तिच्याकडे असल्या लढाईला पैसाच उरू नये. बांधावरून भांडण झालं की समोरच्याची पाइपलाइन तोडतात ना, तसं. कोट्यवधी मतदारांना आपल्या भाऊबंदकीत पंच म्हणून बसवायचं!

आणि घरपट्टी. अण्णा दर वेळी विचारतात, एवढी कशी रे? १९७८ च्या प्रॉप १३ मुळे. घर ज्या किमतीला घेतलं त्याच्या एक टक्का मूळ कर, आणि ती किंमत दरसाल फार तर दोन टक्क्यांनी वाढवायची, मग बाजारभाव कुठेही जावो. घर विकलं की नव्या माणसाला नवा हिशेब. शेजारच्या आजींनी तेव्हाच्या भावात घर घेतलं, त्या आमच्या दहाव्या हिश्शाइतकी पट्टी भरतात. भिंत सामाईक, रस्ता एकच, कचऱ्याची गाडीही एकच. मला राग यायचा. मग एकदा त्या म्हणाल्या, हा कायदा नसता तर माझ्या पेन्शनीत मला हे घर कधीच सोडावं लागलं असतं. त्यांच्याकडे बघून मला आई आठवली, म्हणून राग गिळला. तरी पट्टी भरायच्या दिवशी तो येतोच.

मतदानाआधी घरी पोथीएवढं पुस्तक येतं. प्रत्येक कायद्याचा सारांश, सरकारला किती खर्च येईल, बाजूने कोण काय म्हणतंय, विरोधात कोण, आणि मग दोघांची एकमेकांना उत्तरं. हिंदीतही मिळतं, मराठीत नाही. हौसेने हिंदी मागवलं. तिच्यापेक्षा आपल्या खरेदीखताची मराठी परवडली. मतपत्रिका टपालाने घरीच येते, जेवणाच्या टेबलावर बसून भरायची, पाकिटावर सही करून पेटीत टाकायची. तुमची सूनबाई आणि मी तीन रात्री बसलो. कशावर काय मत दिलं ते सांगणार नाही. अण्णा, तुम्ही आजवर आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

आता अण्णा, तुम्ही मघाशीच चष्मा पुसला असणार. सही फक्त मतदाराला करता येते म्हणतोय आणि सही केली म्हणतोय. मतपत्रिका घरी आली म्हणतोय.

फेब्रुवारीत मी इथलं नागरिकत्व घेतलं. आठ महिने झाले. शपथेत आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडतो, असं मोठ्याने म्हणायचं असतं. बाकीचं म्हणालो, ते वाक्य पुटपुटलो. निळा पासपोर्ट जमा करून रद्द करून घ्यावा लागतो, आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही. तुम्ही म्हणाल, पैशासाठी केलं. तसं नाही. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिसऱ्या आठवड्यात परत फिरलो. ग्रीन कार्डावर फार दिवस बाहेर राहिलं की परत येताना इमिग्रेशनवाले उलटतपासणी घेतात. आता ऑगस्टमध्ये ओसीआय कार्ड आलंय, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते, आयुष्यभर कधीही या, कितीही राहा. तुमच्याजवळ जास्त दिवस राहता यावं म्हणून तिकडचा पासपोर्ट सोडला. लिहिताना मलाच हे वाकडं वाटतंय, पण आहे असंच.

आणि मे महिन्यात ताईच्या मोठीच्या लग्नाला आलो नाही, तेव्हा रजा मिळाली नाही असं सांगितलं. रजा होती. ओसीआय हातात नव्हतं. नव्या पासपोर्टवर व्हिसा काढून येता आलं असतं, फॉर्मसुद्धा उघडला होता. येण्याचं कारण, मुक्काम कुठे, तिथे तुमच्या ओळखीचं कोण. आपल्या घराचा पत्ता त्या रकान्यात घातला आणि लॅपटॉप मिटला. मामाचा मान दादाने घेतला हे बरं झालं, पण अंतरपाटाच्या फोटोत मामाच्या जागी त्याला बघून मी दोन दिवस फोन केला नाही. ताईला हे मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नका. धाकटीला सांगलीचं स्थळ आलंय म्हणे. मुलगा बघायला घाई करू नका, तिची परीक्षा होऊ द्या, पण तारीख काढाल तेव्हा मला आधी विचारा. जानेवारीत मी सहा आठवडे येतोय. तिकीट काढलंय, सूनबाईचं आणि नातवाचंही.

जमिनीचं. ओढ्याकाठचं रान माझ्या नावावर घ्यायचं तुम्ही किती वर्षं म्हणताय. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. ते याआधीही येत नव्हतं, मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं नाही, तुमचा उत्साह मोडवेना. दादाच्या नावावर घ्या, पैसे मी पाठवतो. वारसाने येणारी जमीन येते, सातबाऱ्याची काळजी करू नका, वकिलाला विचारलंय. गोठ्याच्या पत्र्यांचे आणि दिवाळीचे मिळून दीड लाख काल टाकलेत. सोयाबीन हमीभावाच्या खाली जात असेल तर यंदा लगेच विकू नका, थोडं थांबा. त्या पैशांची घाई नाही.

रागावलात तर फोनवर रागवा, पण फोन उचला. आईला सांगा, कडाकण्या पोचल्या, मोडल्या नाहीत.

तुमचा,
बाळू

ता. क. गावच्या मतदारयादीत दादाच्या नावाखाली माझं नाव अजून आहे. मी इकडे आलो तेव्हापासून तसंच राहिलंय. यादीचं काम बघणारी बीएलओ म्हणजे आपली अंगणवाडीची ताईच ना? तिला नमुना ७ भरून ते काढून टाकायला सांगा. या वेळी वेळेत होईल असं वाटत नाही. २० नोव्हेंबरला तुम्ही दोघं शाळेवर जाल तेव्हा बाहेर टेबल टाकून बसलेली पोरं नेहमीसारखी माझीही चिठ्ठी काढून देतील, आणि आई ती घरी आणून पंचांगात ठेवेल. यंदा ती घेऊ नका.