पेशंट तयार आहे, माहिती मात्र अडकलीय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅन्सरवर नवीन औषध आलं की तुमच्या पेपरात बातमी येते आणि ती मी आवर्जून वाचते. पण अशी औषधं शोधायला पेशंटची जी माहिती लागते ती एका देशातून दुसऱ्या देशात जाताना कशी अडकून पडते यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट सांगितली. रिपोर्ट आला, बीआरसीए-२ या जीनमध्ये (यातल्या धोक्याच्या बदलांमुळे ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरची शक्यता वाढते) एक बदल सापडला, पण तो धोक्याचा आहे की निरुपद्रवी हे आत्ता सांगता येत नाही असं खाली लिहिलेलं, डॉक्टर लोक याला व्हीयूएस म्हणतात. मग ओव्हरीज काढायच्या का, मी टेस्ट करायची का, भाचीचं काय, कशालाच धड उत्तर नाही. यात डॉक्टरांचा काहीच दोष नाही हो. नेमका तोच बदल असलेल्या आणखी बायका सापडल्या, त्यांच्या घरात कुणाकुणाला कॅन्सर झाला हे समजलं, तर उत्तर मिळायची शक्यता वाढते आणि अशा बायका एका देशात पुरेशा नसतातच, एखादी ब्राझीलमध्ये असेल, एखादी नेदरलँड्समध्ये, आणि त्या दोघींच्या फायली एकमेकींशेजारी कधी येतच नाहीत.

याच जीन्सची गोष्ट सांगते. बीआरसीए-१ चा नेमका जीन १९९४ मध्ये हाती लागला, बीआरसीए-२ पुढच्या वर्षी. पेटंट मिरियाड जेनेटिक्स या अमेरिकन कंपनीकडे गेली, त्यामुळे अमेरिकेत ही टेस्ट म्हणजे जवळजवळ त्यांचीच मक्तेदारी झाली, आणि कुठला बदल धोक्याचा हे ज्ञान त्यांच्याकडे साठत गेलं, ते सगळ्यांसाठी खुल्या डेटाबेसमध्ये टाकणं मात्र कंपनीने बंद केलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निसर्गात आहे तसा जीन पेटंट करता येणार नाही असा निकाल दिला, तरी साठलेली माहिती कंपनीकडेच राहिली. मग वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी आपापल्याकडचे बदल एकत्र करायला घेतले आणि त्यातून बीआरसीए एक्सचेंज उभं राहिलं, तिथे आज जगात कुठूनही कुणीही जाऊन एखाद्या बदलाबद्दल काय ठरलंय ते बघू शकतं. म्हणजे हे जमतं! आणि यात पेशंटची नावं द्यावी लागली नाहीत.

पण अशा जेनेटिक डेटाबेसमध्ये बहुतेक माहिती युरोपियन वंशाच्या लोकांची असते, त्यामुळे आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या बायकांच्या हातात "सांगता येत नाही" असा रिपोर्ट जास्त वेळा पडतो. आपली माहिती त्यात नाही म्हणून आपल्याला उत्तर नाही, इतकं हे सरळ आहे.

दुसरी गोष्ट तुलनेची. कॉनकॉर्ड-३ नावाच्या अभ्यासात ७१ देशांमधल्या ३ कोटी ७५ लाख पेशंटच्या नोंदी एकत्र तपासल्या, तो २०१८ मध्ये आला. लहान मुलांच्या एका ल्युकेमियात, एएलएलमध्ये, ५ वर्षं जगण्याचं प्रमाण फिनलंडमध्ये ९५ टक्के आणि इक्वाडोरमध्ये जेमतेम ५० टक्के निघालं. आजार तोच. असा आकडा समोर आला की सरकारला उत्तर द्यावं लागतं. डेन्मार्कमध्ये तेच झालं, शेजारच्या देशांपेक्षा आपले कॅन्सर पेशंट लवकर जातात हे युरोपच्या तुलनेत दिसलं, मग २००० मध्ये कॅन्सरची राष्ट्रीय योजना आली आणि काही वर्षांत संशयित पेशंटला किती दिवसांत तपासायचं याच्या मुदती ठरल्या.

आता भीतीबद्दल, कारण ती खोटी नाही. २०१३ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं की नाव काढून टाकलेल्या जीनोमवरून, म्हणजे माणसाच्या पूर्ण जेनेटिक माहितीवरून, इंटरनेटवर खुली असलेली वंशावळीची माहिती जोडून, काही लोकांची ओळख शोधता येते. आणि कॅन्सर दुर्मिळ असेल, त्यात गाव लहान असेल, तर वय आणि आजार एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. विमा, नोकरी, मुलांची लग्नं, लोक घाबरणारच. म्हणून सगळ्या फायली उचलून परदेशी पाठवा असं मी अजिबात म्हणत नाहीये.

त्याची गरजही उरलेली नाही. माहिती ज्या हॉस्पिटलात आहे तिथेच ठेवायची, संशोधकाचा प्रश्न म्हणजे त्याचा प्रोग्राम तिथे पाठवायचा, आणि बाहेर फक्त एकत्रित आकडे येऊ द्यायचे, याला फेडरेटेड पद्धत म्हणतात. यातही देखरेख लागतेच, आकडे फार छोट्या गटाचे असले तर तेही अडवावे लागतात, पण फाईल घराबाहेर जात नाही. युरोपियन युनियनचा हेल्थ डेटा स्पेसचा, म्हणजे आरोग्याची माहिती देशादेशांत वापरण्याबद्दलचा, कायदा मार्च २०२५ मध्ये लागू झाला, संशोधनासाठीचा बराचसा भाग २०२९ पासून चालू होईल, त्यात डेटा सुरक्षित जागेतच वापरायचा असं बंधन आहे आणि नको असेल त्या पेशंटला बाहेर पडायचा हक्क आहे. त्याआधी, २०१८ पासून, तिथल्याच जीडीपीआर या खासगी माहिती जपण्याच्या नियमांमुळे युरोपातला डेटा युनियनबाहेरच्या, अगदी अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थांनाही देणं अवघड होऊन बसलंय आणि युरोपातल्या विज्ञान अकादम्यांनीच २०२१ मध्ये अहवाल काढून हे सोडवा म्हणून सांगितलं होतं. पेशंटच्या रक्षणासाठी केलेला नियम पेशंटच्याच आड येत असेल तर तो दुरुस्त करायला हवा, त्यात कमीपणा कसला?

कायद्याइतकीच चीड आणणारी अडचण नोंदींची आहे. एका ठिकाणी स्टेज टीएनएमच्या (कॅन्सर किती पसरलाय हे ठरवायच्या पद्धतीच्या) सातव्या आवृत्तीप्रमाणे, दुसरीकडे आठव्या, तिसरीकडे नुसतं "ॲडव्हान्स्ड" लिहून मोकळे. पॅथॉलॉजी रिपोर्ट स्कॅन केलेला फोटो. कॅन्सर परत आला का, पेशंट आज आहे का, हे तर कित्येकदा लिहिलेलंच नसतं आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच असतं. हे सुधारायला आंतरराष्ट्रीय करार लागत नाही, नोंद ठेवणारी शिकलेली माणसं आणि त्यांचा पगार लागतो.

कॅन्सर झालेली माणसं माहिती द्यायला तयार असतात, माझी बहीणसुद्धा लगेच हो म्हणाली. तिला एवढंच हवं होतं की माहिती कोण वापरणार ते आधी सांगा, औषध कंपनीने वापरली तर त्या औषधाचा फायदा माहिती देणाऱ्या देशांतल्या पेशंटनाही परवडेल असा मिळू द्या, आणि तिच्या रिपोर्टमधल्या त्या बदलाचा अर्थ उद्या कळला तर तिला फोन करा. ही तिसरी अट संमतीच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हती. तुमच्या आरोग्य पानावर एखाद्या तज्ज्ञाला याबद्दल विचाराल का, जुना रिपोर्ट पुन्हा तपासून पेशंटला कळवायची जबाबदारी नक्की कुणाची, लॅबची, डॉक्टरची की डेटाबेसवाल्यांची?

आपली,
एक नियमित वाचक