रविवारच्या फेरीआधी एक आठवण

सभासदहो, जुन्या इमारती पाहायच्या फेरीसाठी रविवारी सकाळी साडेसातलाच निघायचं आहे. कोवळं, तिरपं ऊन असतं तेव्हाच दगडावरचे छिन्नीचे घाव आणि कमानींची नक्षी उठून दिसते. दुपारी सगळं सपाट होऊन जातं.

इमारतीसमोरच्या, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चाला आणि नजर वर ठेवा. तळमजल्यावर काचा नि पाट्या आल्या असल्या तरी वरचे बिडाचे कठडे, लाकडी झडपांच्या खिडक्या बऱ्याचदा शाबूत असतात.

मागच्या वेळी कुणीतरी सुटलेला गिलावा नखाने खरवडून पाहिला. कृपया असं करू नका, फार वाईट वाटतं. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कडक होतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि जुन्या विटा भुसभुशीत होऊ लागतात. दुरुस्ती दिसली तर जरूर टिपून ठेवा. नवा भाग जुन्याशी जुळावा, पण वेगळा ओळखू यावा, असं जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं मांडणारी १९६४ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते.

घरांत माणसं राहतात. विचारल्याशिवाय फोटो नको. जिने उभे आहेत, सपाट तळाची पादत्राणं घाला.