जुने भाग क्रमाने ऐकायला हवेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाची ओळख करून देताना त्यातील निवडक भागांची यादी देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. ‘दिस अमेरिकन लाइफ’ या अमेरिकी कथाकथनाच्या कार्यक्रमाचे जुने भाग पहिल्यापासून क्रमाने ऐकताना मात्र या पद्धतीत श्रोत्याचे केवढे नुकसान होते, हे मला प्रकर्षाने जाणवले.

शिकागोच्या डब्ल्यूबीईझेड केंद्रावरून नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘युअर रेडिओ प्लेहाउस’ या नावाने हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला आजचे नाव मिळाले. प्रत्येक भागाला एक विषय आणि नाटकाला असतात तसे त्याचे अंक, ही निवेदक आयरा ग्लास यांची मांडणी. आरंभीच्या वर्षांत लेखकांनी स्वतः वाचलेल्या आठवणी आणि घरगुती हकिकती यांना मोठी जागा होती. पुढे हळूहळू वार्तांकनाचे वजन वाढत गेले. मे २००८ मधील ‘द जायंट पूल ऑफ मनी’ हा गृहकर्जांच्या संकटावरील भाग ऐकताना हा बदल पुरता ध्यानात येतो. लीमन ब्रदर्स या बड्या अमेरिकी गुंतवणूक बँकेचे दिवाळे निघण्याच्या चार महिने आधी प्रसारित झालेल्या या भागात ५ लाख ४० हजार डॉलरचे कर्ज मिळालेला एक सामान्य कमाईचा माणूस सांगतो, की कर्ज देणाऱ्यांच्या जागी मी असतो तर मला हे कर्ज दिले नसते. अर्थव्यवहाराची गुंतागुंत इतक्या सरळपणे उलगडणारे दुसरे काही माझ्या तरी ऐकण्यात नाही.

परंतु या संग्रहाचे खरे मोल कळते ते २०१२ या वर्षापाशी आल्यावर. त्या वर्षी जानेवारीत चीनमधील ॲपलची उत्पादने बनवणाऱ्या कारखान्याविषयी रंगकर्मी माइक डेझी यांचे कथन प्रसारित झाले आणि ते अतोनात गाजले. दुसऱ्या एका रेडिओ कार्यक्रमाचे चीनमधील वार्ताहर रॉब श्मिट्झ यांनी डेझी यांच्या दुभाषी बाईंना शोधून काढले, तेव्हा आपण प्रत्यक्ष पाहिले म्हणून डेझी यांनी सांगितलेले बरेच काही त्यांनी पाहिलेलेच नव्हते, असे उघड झाले. मार्चमध्ये ‘रिट्रॅक्शन’ या नावाने अख्खा एक तास ग्लास यांनी ही चूक निस्तरण्यासाठी दिला. त्यात ते डेझी यांना समोर बसवून एकेक तपशील विचारतात, आणि उत्तर येण्यापूर्वीची लांबलचक शांतता तशीच ऐकवतात. ती कापून टाकणे संपादनात सहज शक्य होते. स्वतःच्या तपासणीत कुठे कसूर झाली, दुभाषी बाईंशी संपर्क होऊ शकत नाही हे डेझी यांचे म्हणणे आपण मान्य करायला नको होते, हेही ग्लास स्पष्टपणे कबूल करतात. मागे घेतलेल्या भागाचे ध्वनिमुद्रण संकेतस्थळावरून काढले आहे, पण त्याची संहिता केवळ संदर्भासाठी तिथे ठेवली आहे. चूक पुसून न टाकण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. यानंतर कार्यक्रमाने तथ्यतपासणीसाठी व्यावसायिक तपासनीस नेमले, हे कळले की पुढचे भाग ऐकताना कानांत एक वेगळाच विश्वास येतो. ध्वनिवार्तांकनासाठी २०२० मध्ये प्रथमच दिलेले पुलित्झर पारितोषिक याच कार्यक्रमाच्या ‘द आउट क्राउड’ या भागाला मिळाले. केवळ तो भाग ऐकणाऱ्याला मधल्या वर्षांतली ही घडण कळणार नाही.

जुने भाग कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि त्यांच्या संहिताही आहेत, त्यामुळे अमेरिकी उच्चार अवघड वाटणाऱ्यांना वाचत वाचत ऐकता येते. आपल्या वृत्तपत्रात ऐकण्याजोग्या कार्यक्रमांविषयी लिहिले जाईल तेव्हा या संग्रहाचा उल्लेख निवडक भागांपुरता न ठेवता १९९५ पासूनच्या क्रमानिशी व्हावा, आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना तर जानेवारी व मार्च २०१२ चे ते दोन्ही भाग, पहिल्याची संहिता आणि दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण असे, लागोपाठ अभ्यासायला सुचवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक