आंबा-काजूच्या टार्टविषयी चिरंजीवास

टिळकवाडी, बेळगाव
वैशाख, शनिवार सकाळ

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या रविवारी मित्रांना जेवायला बोलावले असून शेवटी गोड म्हणून आपल्या घरचे आंबा-काजूचे टार्ट करण्याचा तुझा विचार आहे, हे ऐकून मला फार आनंद झाला. फोनवर सांगितलेले निम्मे विसरायला होते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सगळे लक्ष खालच्या कवचाकडे दे. तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी घाईने कच्च्या कवचावरच सारण आणि आंबा घालून भाजायला ठेवले होते. वरून ते छान तांबूस दिसत होते, पण सुरी घातल्यावर तळाचा मैदा पांढरा, ओला आणि बोटाला चिकटणारा निघाला. तू काही न बोलता वरचे तेवढे खाल्लेस, ते मला अजून लागून राहिले आहे.

नऊ इंची भांड्यासाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बिनमिठाचे थंडगार लोणी आणि ५० ग्रॅम पिठीसाखर घे. शंकरपाळ्यांना मोहन जे काम करते तेच येथे लोणी करते, म्हणजे मैद्याच्या कणांना स्निग्धतेचा लेप बसून पीठ चिवट होत नाही. मोहन मात्र आपण गरम घालतो आणि हे लोणी थंडच हवे, कारण त्यात सुमारे १६ टक्के पाणी असते आणि लोणी वितळले की ते पाणी मैद्याला मिळून कवच दडस होते. म्हणून हे काम उन्हे चढण्याआधी उरक. बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ झाले की एका अंड्याचा बलक आणि लागलेच तर चमचाभर बर्फाचे पाणी घालून गोळा कर. मळू नकोस. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग लाट, भांड्यात बसव आणि काट्याने टोच. त्यावर बटर पेपर अंथरून कडांपर्यंत भरेल इतका कोरडा राजमा पसर, म्हणजे तळ फुगणार नाही आणि कडा ढासळणार नाहीत. १८० अंशांवर १५ मिनिटे भाजल्यावर राजमा व कागद काढून, तळ कोरडा आणि फिकट बदामी दिसेपर्यंत आणखी आठ-दहा मिनिटे भाज.

सारणासाठी चंदगडकडचे तुकडा काजू पाठवते आहे. त्यातले १०० ग्रॅम काजू ८० ग्रॅम साखरेसह मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरव, सलग फिरवलेस तर तेल सुटून लगदा होईल. १०० ग्रॅम मऊ लोणी, दोन अंडी आणि दोन चमचे मैदा त्यात मिसळून हे सारण कवचात भर आणि अर्धा तास भाज.

आंबा भाजू नये असे माझे ठाम मत आहे, कारण उष्णतेने हापूसचा वास उडतो आणि सुटलेला रस कवचात उतरतो. बंगळूरला जो बदामी म्हणून मिळतो तो हापूसच. देठाशी दाबल्यावर किंचित घट्ट लागणारा घे, आणि टार्ट पूर्ण निवल्यावर, पाहुणे येण्याच्या तासभर आधी, पातळ फोडी एकावर एक सरकवून मांड.

वरून लावायला करवंदाची जेली देते आहे. जांबोटीकडच्या बायका परवा पाट्या घेऊन आल्या होत्या, त्यांच्याकडून मुद्दाम अर्धी कच्ची, लालसर करवंदे निवडून घेतली. त्यांत पेक्टिन भरपूर असल्याने नुसत्या साखरेवर जेली धरते. चीक धुता धुता माझी बोटे दिवसभर चिकट राहिली, पण रंग असा गडद लाल आला आहे की बाटली खिडकीत ठेवली तर ओट्यावर त्याची सावली पडते. दोन चमचे जेली कोमट करून ब्रशने फोडींवर फिरव. काजू आणि हापूस दोन्ही गोड, त्यांना हा आंबटपणा हवाच.

पार्सल आजच्या रात्रीच्या बसने निघेल. बाटली आल्या आल्या फ्रिजमध्ये ठेव, आणि रविवारी पहिला तुकडा कापल्यावर तळ कसा निघाला ते मला लगेच कळव.

तुझी,
आई